पेटीचा सूर मुका झाला किंवा पट्टी अडकली, तर घरच्या घरी काय करावं

सप्त्याचा चौथा दिवस होता. रात्रीच्या कीर्तनाला महाराजांनी काळी एक, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा सा, धरली. मी पेटीवर पंचम दाबला, तर नुसती फुस्स हवा. काळी चार मुकी. टाळ-मृदंगाच्या भरात लोकांना ते कळलंही नसेल, पण पेटीवर बसलेल्या माणसाला दोन तास त्या एका पट्टीवाचून काढायचे म्हणजे काय, ते ज्याला सोसावं लागलंय त्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. सुराच्या जिभेखाली ज्वारीच्या लाहीचं पापुद्र्याएवढं टरफल बसलं होतं. कुंचल्याच्या एका फटकाऱ्यानं ते निघालं आणि सूर पूर्वीसारखा बोलायला लागला.

गोदाकाठच्या गावांत भजनाला पेटी वाजवताना असे प्रसंग माझ्यावर पुष्कळदा आले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: मुका झालेला सूर बहुतेक वेळा मेलेला नसतो, त्याच्यापर्यंत हवा पोचत नसते किंवा पोचलेली हवा त्याला हलवू शकत नसते. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी हवा नेमकी कुठं अडते ते शोधायचं. एवढं जमलं तर निम्म्याहून जास्त बिघाड घरीच सुटतात. आमच्याकडं देवळाची पेटी दुरुस्तीला म्हणून मोटारसायकलवर बांधून परभणी-लातूरला जाते आणि पंधरा-पंधरा दिवस परत येत नाही. तोवर हरिपाठ पेटीवाचून होतो. नुकतीच पेटी शिकणारी मुलं, महिला भजनी मंडळातल्या बायका, आणि देवळाची पेटी ज्यांच्या माडीवर ठेवलेली असते ती मंडळी, यांच्यासाठी हे लिहितोय.

आत काय आहे

पेटी उघडण्याआधी आतली रचना डोळ्यांसमोर आणा. मागचा भाता हलवला की हवा आतल्या पोटभात्यात जाते. तिथं स्प्रिंगांच्या जोरावर ती दाबात राहते. त्याच्यावर लाकडाची एक फळी असते, कारागीर तिला रीडबोर्ड म्हणतात. त्या फळीच्या खालच्या अंगाला सूर बसवलेले असतात. प्रत्येक सुरावर फळीला एक भोक, आणि त्या भोकावर पट्टीच्या मागच्या टोकाचं झाकण. झाकणाखाली मऊ चामडं किंवा फेल्ट चिकटवलेलं असतं. आपण पट्टीचं पुढचं टोक दाबतो तेव्हा मागचं टोक उचललं जातं, भोक उघडतं, आणि दाबातली हवा सुराच्या फटीतून वर निसटते.

सूर म्हणजे पितळेची एक लांबट चौकट. तिच्या मधोमध फट, आणि फटीवर एका टोकाला रिव्हेटनं ठोकलेली पितळेची पातळ जीभ. तिचं दुसरं टोक मोकळं असतं. हवा निसटताना जीभ फटीत आत-बाहेर होते, तोच आवाज. आजच्या मापात लावलेल्या पेटीत मधल्या सप्तकातली पांढरी सहा वाजते तेव्हा ती जीभ सेकंदाला ४४० वेळा हलत असते. जीभ आणि फटीच्या कडा यांच्यात जेमतेम केसाएवढी जागा सोडलेली असते. एवढ्या जागेत बुक्क्याचा एक कण बसला तरी सगळा खेळ थांबतो, यात नवल नाही.

साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात. सूर दुहेरी असतील तर ८४ जिभा, तिहेरी असतील तर १२६. खर्ज, नर आणि मादी, म्हणजे जाड, मधल्या आणि बारीक आवाजाच्या, ही सुरांच्या ओळींची नावं तुम्ही ऐकली असतील. पुढं ती कामाला येणार आहेत.

जाता जाता सांगतो, ही मोकळ्या जिभेची युक्ती एकट्या पेटीची नाही. तोंडानं वाजवायचा माउथ ऑर्गन, अकॉर्डियन आणि विलायतेतला छोटा सहा किंवा आठ कोनांचा कॉन्सर्टिना ही सगळी तिची भावंडं. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांडर डेबेन यांनी १८४२ साली घेतलं. ते वाद्य पायांनी हवा भरायचं होतं. मांडी घालून बसल्या-बसल्या एका हातानं भाता हलवता येईल असं रूप त्याला नंतर आपल्याकडं मिळालं, आणि त्यात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांचं नाव आदरानं घेतलं जातं. कॉन्सर्टिनात एका बटनामागं दोन जिभा असतात, एक भाता दाबताना बोलणारी आणि एक ओढताना. तिथं एकाच दिशेला मुकं झालं तर दोष जिभेचा, दोन्ही दिशांना झालं तर बटनाचा किंवा झाकणाचा, असा झटकन निकाल लागतो. आपल्या पेटीत हवा एकाच दिशेनं जाते, म्हणून आपल्याला दुसऱ्या वाटेनं शोध घ्यावा लागतो.

पेटी न उघडता तपासणी

आधी सगळ्या खुंट्या, म्हणजे स्टॉपर, आत ढकला आणि एकेक ओढून पाहा. नव्या माणसाची इथंच फसगत होते. काही खुंट्या सुरांच्या ओळींना हवा सोडतात, तर काही नुसता एखादा सूर अखंड धरून ठेवायला असतात. अशी आसेची खुंटी चुकून ओढलेली राहिली तर भाता हलवला की एक सूर आपोआप वाजत राहतो. मग माणूस पट्टी अडकली म्हणून पेटी खोलून बसतो. एका मुलानं अशी पेटी माझ्याकडं आणली होती. खुंटी आत ढकलली आणि त्याच्या हातात परत दिली.

आता मुकी पट्टी दाबून ठेवा आणि ओळी एकेक करून ऐका. नर ओळीत मुकी पण मादीत बोलते, असं झालं तर पट्टी, झाकण आणि स्प्रिंग सगळं ठीक आहे. दोष एकाच जिभेचा आहे. दोन्ही ओळींत मुकी असेल तर दोन जिभा एकाच दिवशी बिघडायचा योग फार दुर्मीळ. तिथं पट्टीच पुरेशी उचलली जात नाही असं समजा.

तिसरी चाचणी कागदाची. वरची जाळीची किंवा काचेची चौकट काढा. पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी कापून मुक्या सुराच्या झाकणाजवळ धरा, पट्टी दाबा, भाता हलवा. कागद फडफडला तर हवा सुरापर्यंत येऊन बाहेर पडते आहे, म्हणजे जिभेत हलायची अडचण आहे. कागद ढिम्म राहिला तर हवा आधीच कुठंतरी थांबली आहे. एक तर झाकण उचललं गेलेलं नाही, किंवा फट पूर्ण बुजली आहे, किंवा जीभ खाली दबून फटीला घट्ट चिकटली आहे.

एवढं झाल्यावर, पेटी उघडण्याआधी एक प्रयत्न जरूर करा. मुकी पट्टी पूर्ण दाबून धरा आणि भात्याला लागोपाठ आठ-दहा झटके द्या, लांब हवा न भरता छोटे आणि जोरकस. पट्टी सोडा, पुन्हा दाबा, पुन्हा झटके. सैल कचरा असेल तर तो पुष्कळदा एवढ्यानंच उडतो. कीर्तन चालू असताना करता येण्यासारखा उपाय हा एकच. पेटी आडवी-उभी करून आपटायची सवय काहींना असते, ती सोडा. एका भोकातला कचरा त्यानं दुसऱ्या भोकात जातो.

उघडताना

दुपारच्या उजेडात, पंखा बंद करून, स्वच्छ धुतलेल्या धोतरावर किंवा पांढऱ्या चादरीवर बसा. पांढरं अशासाठी की पडलेला स्क्रू लगेच दिसतो. जवळ एक वाटी, बरोबर मापाचा छोटा स्क्रूड्रायव्हर, कोरा मऊ रंगाचा कुंचला, कॅमेरा पुसणाऱ्यांकडं असतो तसला हवा मारायचा रबरी फुगा, पतंगाचा कागद आणि मोबाइलची बॅटरी असली की झालं. तेल, रॉकेल, ओला फडका आणि सॅंडपेपर हे जवळसुद्धा ठेवू नका, म्हणजे मोह होणार नाही. जिभेला तेल लागलं की त्यावर धूळ चिकटते, आणि महिन्याभरात आजच्यापेक्षा वाईट दशा होते.

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढून ठेवा. परत जोडताना कोणता स्क्रू कुठला, हे आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही.

पट्ट्या आणि सूर असलेली फळी बहुतेक साध्या पेट्यांत दोन्ही बाजूंना आकड्यांनी किंवा स्क्रूंनी अडकवलेली असते. ते सोडवून फळी पुढच्या बाजूनं सावकाश वर उचला. जड लागेल, कारण हवा निसटू नये म्हणून कडेला चामडं किंवा फेल्ट असतं आणि ते जुन्या पेटीत चिकटून बसतं. झटका देऊ नका, दोन्ही अंगठ्यांनी थोडं-थोडं सैल करत या. फळी उलटी करून दोन सारख्या जाडीच्या पुस्तकांवर कडांनी टेकवा, पट्ट्यांवर भार येऊ देऊ नका. आता खाली डोकावलात तर सुरांच्या ओळी समोर दिसतील, एका टोकाच्या लांब-रुंद खर्जाच्या जिभांपासून दुसऱ्या टोकाच्या नखाएवढ्या टिपेच्या जिभांपर्यंत. फळी उलटी केल्यावर डावं-उजवं बदलतं हे ध्यानात ठेवा आणि पट्ट्या मोजून मुक्या सुरावर पेन्सिलीनं हलकी खूण करा. बऱ्याच सुरांच्या चौकटीवर स्वराचं अक्षर ठोकलेलं असतं, तेही पडताळून पाहा.

स्केल चेंजर पेटी असेल तर इथंच थांबा. तिच्या पट्ट्या सरकणाऱ्या चौकटीवर असतात. ती एकदा हलली की पुन्हा जागेवर बसवणं नव्या हाताला जमत नाही. ती सरळ जाणकाराकडं न्या.

जीभ मोकळी करणं

आधी नुसतं बघा, हात लावू नका. बॅटरी तिरपी धरून मुक्या जिभेची शेजारच्या चांगल्या जिभांशी तुलना करा. शेजाऱ्यांशी ताडून पाहणं हे या कामातलं सगळ्यात भरवशाचं माप. कचरा आहे का? जीभ एका कडेला झुकली आहे का? टोक शेजाऱ्यांपेक्षा फार वर उचललंय का खाली दबलंय?

मग नखाच्या कडेनं जिभेचं मोकळं टोक किंचित उचलून सोडा. चांगली जीभ बारीक पण स्वच्छ "टिंग" करते. "थड" असा मेलेला आवाज आला तर ती कशाला तरी लागते आहे.

कचरा काढायचा तो रिव्हेटकडून मोकळ्या टोकाकडं कुंचला फिरवून. उलट दिशेनं कधीच नाही, कारण उलट फिरवलेला केस जिभेखाली घुसून तिला वाकवतो. दोन-तीनदा हलकेच फिरवा, मग फुग्यानं हवा मारा. तोंडानं फुंकू नका. श्वासातली ओल पितळेवर बसते आणि पुढं तिथं हिरवट कळंक धरतो. तेवढ्यानं भागलं नाही तर पतंगाच्या कागदाची अरुंद पट्टी जीभ आणि चौकट यांच्यात मुळाच्या बाजूनं सरकवा आणि टोकाकडं ओढून काढा. कागदावर काळी रेघ उमटली तर तो बुक्का, बहुधा गेल्या दहा-बारा सप्त्यांचा.

सुई, टाचणी, सेफ्टी पिन यांपैकी काहीही जिभेखाली घालू नका. शिकत होतो तेव्हा मी ही चूक केलेली आहे. कण निघत नव्हता म्हणून सुई घातली, थोडा जोर दिला. जीभ वाकली, ती सरळ करताना मुळाशी तुटली. तो सूर जुन्या घडणीचा होता, त्याच्या जोडीचा मला पुन्हा मिळाला नाही. बदली सूर बसवला, पण त्या पेटीत तो अजूनही परका वाटतो.

एवढं करूनही "थड" येत असेल तर चौकटीचे दोन्ही स्क्रू तपासा. आपल्याकडं हे कारण फार मोठं आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, लाकूड सुकून आक्रसतं, आणि स्क्रू आपोआप ढिले पडतात. ढिली चौकट जिभेबरोबर थरथरते. सूर भणभणतो किंवा हवा चौकटीखालूनच निसटते आणि जिभेला जोर मिळत नाही. स्क्रू आवळा, पण अर्धा या बाजूचा, अर्धा त्या बाजूचा असा, आणि बोटाच्या जोरापुरताच. जास्त आवळला तर पातळ चौकट वाकते, फट अरुंद होते आणि जीभ कडेला घासायला लागते. सूर मुका झाल्यावर मनगटाचा सगळा जोर लावून स्क्रू पिळणारे मी पाहिलेत, आणि त्यानं तो आणखी मुका झालेलाही पाहिलाय. स्क्रू नुसताच फिरत असेल, धरत नसेल, तर भोकात बांबूची बारीक काडी फेविकॉल लावून बसवा, एक रात्र वाळू द्या, मग स्क्रू लावा.

जीभ फटीच्या एका कडेला झुकली असेल तर सूर स्क्रू काढून हातात घ्या आणि उजेडाकडं धरा. दोन्ही कडांनी उजेडाची सारखी बारीक रेघ दिसली पाहिजे. एक रेघ गायब असेल तर तिथं जीभ घासते आहे. मुळाजवळ, रिव्हेटला लागून, जिभेला बाजूनं अगदी हलका दाब देऊन पाहा. दोन-तीन प्रयत्नांत सरकली तर ठीक. नाही सरकली तर रिव्हेटशी झुंजू नका, सूर कागदात गुंडाळून कारागिराकडं न्या.

उंचीचा प्रश्न

कचरा नाही, स्क्रू ठीक, जीभ मधोमध, तरी सूर बोलत नाही किंवा उशिरा बोलतो, असं असलं तर जिभेच्या टोकाची उंची पाहायची. माझ्या मते सगळ्यात जास्त धीर लागतो तो इथं.

जिभेचं मोकळं टोक चौकटीच्या पातळीपासून किंचित वर असावं लागतं, साधारण टोकाच्या जाडीइतकं. लांब खर्जाच्या जिभांना जास्त, टिपेच्या बारीक जिभांना अगदी कमी. उंची फार झाली तर हवा नुसती निसटून जाते. हळू वाजवताना सूर मुका राहतो, जोरात भाता मारला की मग कुठं बोलतो. उंची कमी पडली तर उलट होतं. हळू वाजवताना सूर लगेच लागतो, पण भाता जोरात मारला की जीभ फटीत गचकन दबून बसते आणि आवाज गुदमरतो. म्हणून पेटी बंद असतानाच ही खूण टिपून ठेवा. सूर हळू हवेत मुका आहे की जोराच्या, एवढं सांगितलंत तर पुढचं निम्मं काम झालं.

उंची वाढवायची तर टोकाखाली कागदाची दुहेरी पट्टी सरकवून जीभ केसभर उचला, क्षणभर धरा, सोडा. कमी करायची तर बोटाच्या टोकानं मुळापासून थोडं पुढं हलकेच दाबा. टोक धरून वाकवू नका, त्यानं जीभ धनुष्यासारखी वळते. प्रत्येक वेळी इतकं कमी करा की काही झालंच नाही असं वाटावं. मग शेजारच्या जिभेशी ताडून पाहा. फळी लावा, वाजवा, पुन्हा काढा. एका सुरासाठी फळी पाच-सहा वेळा काढ-घाल करावी लागली तर ती मेहनत वाया गेली असं समजू नका, हे काम असंच होतं.

एक ताकीद. सूर बोलतोय पण अचानक चांगलाच उतरलाय, असं झालं तर दोन शक्यता. टोकावर काही चिकटलंय, तर टोक जड झाल्यानं सूर उतरतो. ते साफ केलं की सूर जागेवर येतो. साफ करूनही उतरलेलाच राहिला तर जीभ मुळाशी चिरत चालली आहे. बॅटरीच्या उजेडात रिव्हेटजवळ आडवी केसासारखी रेघ दिसते. अशी जीभ आज ना उद्या तुटणार, ती दुरुस्त होत नाही. सूर काढून घ्या, तो नमुना म्हणून बरोबर न्या आणि त्याच मापाचा, त्याच स्वराचा आणा. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर नावाजलेले आहेत, ते मागितले तर दुकानदाराला लगेच कळतं. नवा सूर बाकीच्या पेटीशी मिळवून घ्यायचं काम मात्र कारागिराचं. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाकडं खरवडलं की उतरतो, तत्त्व एवढंच आहे. पण खरवडलेलं पितळ परत चिकटत नाही, म्हणून पहिल्या वर्षात खरवडणी हातात घेऊ नका.

पट्टी अडकणं आणि सूर न सोडणं

हा आपला पावसाळ्यातला आजार. जून-जुलैत हवा ओली झाली की लाकडाच्या पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात. दाबलेली पट्टी वरच येत नाही, किंवा झाकण भोकावर नीट बसत नाही आणि सूर वाजतच राहतो. यात जिभेचा काही दोष नसतो, तिला हात लावू नका.

आधी कपलर बंद करा. कपलर चालू असला की एक पट्टी दाबल्यावर दुसऱ्या सप्तकातलीही दबते. त्याची तार अडकली असेल तर बिचारी दुसरीच पट्टी बदनाम होते. मग अडकलेल्या पट्टीच्या झाकणाखाली कागदाची पट्टी घालून ओढून पाहा. झाकण नीट बसत असेल तर कागद धरला जातो. सहज निघून आला तर झाकणाखाली काहीतरी आहे, किंवा स्प्रिंग थकलीय. काल्याच्या दिवसानंतर मी हे हमखास तपासतो. लाह्या, डाळं, साखरेचा दाणा, सगळं तिथं सापडतं. पेटीवरूनच काल्याचा प्रसाद वाटला जातो, त्याला काय करणार.

स्प्रिंग थकली असेल तर चिमट्यानं तिला थोडा ताण द्या. शेजारच्या पट्ट्या दाबून जेवढा जोर बोटाला लागतो, तेवढाच इथंही लागला पाहिजे.

पट्ट्या घासत असतील तर घाई नको. पेटी दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच, झाकण उघडून ठेवा. उन्हात नाही आणि चुलीजवळही नाही, सांधे फुटतात. तरीही घासत असेल तर पट्टी काढून तिच्या कडेवर मऊ शिशाची पेन्सिल चोळा, किंवा शंखजिऱ्याची पूड बोटानं लावून जास्तीची झटकून टाका. पट्टी काढल्यावर जी तार किंवा खिळा तिला जागेवर धरतो तो गंजलाय का तेही पाहा. गंज कोरड्या कापडानं पुसा. लाकूड घासून बारीक करायचा मार्ग सगळ्यात शेवटी ठेवा. श्रावणात घासलेली पट्टी चैत्रात खुळखुळते, आणि मग तिला काहीच करता येत नाही.

आपल्या भागातली धूळ

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा चालतो, आणि नेमकी तेव्हाच गावात सोयाबीनची मळणी असते. रात्री मळणीयंत्राची धूळ उठते आणि पहाटे दवात भिजलेल्या देवळात पेटी उघडते. माझ्याकडं मुके सूर सगळ्यात जास्त येतात ते दिवाळीच्या आगेमागे. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या दिंड्यांतल्या पेट्या ट्रॅक्टरवरून फुफाटा खात जातात, त्यांचीही तीच गत. अशा वेळी पेटीवर धुतलेलं जाड कापड टाकून वरून खोळ घाला. बुक्का लावायला कुणी आलं की भाता थांबवून पेटीवर उपरणं ओढून घ्या. भाता चालू असताना मागच्या झडपांतून बाहेरची हवा आत ओढली जाते, म्हणजे बुक्काही आत जातो. वाळवलेला कडुनिंबाचा पाला कापडात बांधून खोळीच्या खिशात ठेवा, पेटीच्या आत नको. आत ठेवला की त्याचाच चुरा सुरांत जातो.

परत जोडणं

फळी बसवण्याआधी आतल्या पोटभात्यात डोकावून बघा, स्क्रू किंवा कागदाचा तुकडा राहिला नाही ना. कडेचं चामडं दुमडलेलं नाही हे बोट फिरवून पाहा. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे लावा. एक बाजू उचललेली राहिली तर त्या बाजूचे सगळे सूर दबके बोलतात आणि तुम्हाला वाटतं आपण काहीतरी नवीन बिघडवलं.

मग कोणतीही पट्टी न दाबता भाता भरा आणि हात काढा. पोटभात्यातली हवा हळूहळू उतरली पाहिजे. फसकन उतरली तर कुठूनतरी हवा गळतेय, आकडे पुन्हा तपासा. ते ठीक असेल तर एकेक खुंटी ओढून खर्जापासून टिपेपर्यंत सगळ्या ४२ पट्ट्या एकेक करून दाबा, आधी हळू हवेत, मग जोरात. दुरुस्त केलेल्या सुराला शेजारच्या दोन सुरांमध्ये ऐका. तो त्यांच्याइतकाच लवकर लागला आणि त्यांच्याइतकाच मोठा वाजला तर स्क्रू शेवटचे आवळून जाळी बसवा.

जाळी बसवण्याआधी आतल्या लाकडावर पेन्सिलीनं तारीख, पट्टी आणि काय सापडलं ते लिहून ठेवा. माझ्याकडं देवळाची जी पेटी आहे तिच्या आत माझ्या आधीच्या कुणीतरी असंच लिहिलेलं आहे. अक्षर पुसट झालंय, पण "पांढरी दोन, नर, स्क्रू ढिला" एवढं अजून वाचता येतं. त्याच्या खाली मी काळी चारची लाही लिहिली आहे. पुढच्या माणसाला पुरेल एवढी जागा अजून शिल्लक आहे.